गोठवलेला प्रोग्रॅम आणि सासूबाई

दातांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं.

"आईला स्टँडवरून घरी आणलंत ना?"

"अगं, ऑफिसात कॉम्प्युटरवरचा चालता प्रोग्रॅम त्याच्या कंटेनरसकट, म्हणजे डब्यासकट, गोठवत होतो. आहे तसा जपून ठेवायचा आणि दुसऱ्या मशीनवर उठवायचा. थांबला होता तिथूनच पुढे चालू होतो."

"मधे वेळ गेला, हे त्याला कळत नाही?"

"अजिबात नाही."

"तुमच्यासारखंच. आणि पलीकडे त्याची वाट बघणारा?"

"तो कंटाळून कनेक्शन तोडून निघून जातो."

"म्हणजे आई परत गेली."

"थांब, त्यांचाच फोन आलाय. हॅलो, आई? हो, हो."

"काय म्हणाली?"

"'सावकाश या जावईबापू, इथंच नाम घेत बसलेय.'"

"उठा आता."

"आणि माझा दात?"

"तो आहे तसा जपून ठेवा."