त्रिंबकअण्णांच्या खिडकीतली क्रियापदं

तर मंडळी, त्रिंबकअण्णा शिंप्यानं आपली तक्रार मागे घेतली! — थांबा. मी काही बोललो नाही. तुम्ही काही ऐकलं नाही. तक्रार अजून झालेलीच नाही, अण्णा शांतपणे काजं करतायत. मृदंगवाले, तुम्हीसुद्धा विसरा!

प्रश्न असा आहे — ज्याला दिवसभर कुणी छळत नाही, तो माणूस सुखी म्हणायचा का? हो म्हणताय? बरं. ऐका.

आमच्या लहानपणी शाळेत बिडकर मास्तर इंग्रजी शिकवायचे. रीत एकच — शब्द पाठ करायचा नाही, करून यायचा! 'जंप' शिकलो तेव्हा कौलं फुटली. मग आला धडा दुसऱ्याला त्रास देण्याच्या क्रियापदांचा! प्रयोगाला माणूस हवा. शाळेसमोरच अण्णांचं दुकान, खिडकी रस्त्याकडे. बायको गेलेली, लेक सासरी, माणूस एकटा. ठरलं! रोज दुपारच्या सुट्टीत वर्ग खिडकीशी.

"बॉदर म्हणजे कामातल्या माणसाला जरासं अडवणं," मास्तर म्हणाले. आमच्या वर्गातली कुसुम गेली.

"अण्णा, किती वाजले?"

"दिसत नाही का, मशीनवर बसलोय ते!"

झालं बॉदर!

"पेस्टर म्हणजे तेच तेच, पिच्छा न सोडता." साऱ्या वर्गानं एकामागून एक विचारलं, "अण्णा, माझी चड्डी झाली?" कुणीच शिवायला टाकली नव्हती!

"इरिटेट — हे हळूहळू चढतं. चपलेत खडा असावा तसं." वर्ग खिडकीत उभा राहून मशीनच्या तालावर नुसत्या माना हलवू लागला. अण्णांनी पाटलांच्या सदऱ्याला तिसरी बाही लावली! पाटील तोच घालून लग्नाला गेले. आहेर ठेवायला सोय झाली म्हणाले. हसू नका, मोठा माणूस आहे.

"टीज म्हणजे चिडवणं, पण जीव लावून. गोकुळात घागरी फुटायच्या ना, तसं."

"आणि हॅरास, सर?"

मास्तर गंभीर झाले. "ते करून यायचं नाही. त्यात समोरचा भितो. नुसतं ओळखायला शिका."

इतक्यात अण्णांची तक्रार हेडमास्तरांकडे पोचली — सहीसकट! हुकूम निघाला, खिडकीकडे फिरकायचं नाही. गल्ली गप्प. मशीन चालायची, थांबायची... पुन्हा चालायची.

आणि एका दुपारी अण्णा वर्गाच्या दारात! आम्ही बाकांखाली!

"मास्तर, क्रियापदं संपली का हो?"

"तक्रार तुम्हीच केलीत, अण्णा."

"केली. मागे घेतो. सकाळपासून मला कुणी हाकसुद्धा मारली नाही. ही पोरं गप्प बसतात, त्याचाच त्रास जास्त होतोय."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. बाकाखालून कुसुमचं डोकं वर आलं. "अण्णा, सुई हरवली की तुम्ही टकलावर शोधता ना?"

"थांब कार्टे!" अण्णा ओरडले. मंडळी, इतका खुशीत ओरडलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आज अण्णा नाहीत, मास्तर नाहीत. आणि तुमच्या दाराची कडी वाजवून पळणारं कुणी उरलंय का? शांत आहे सगळं! याला सुख म्हणता? देवाला तर रोज पेस्टर करता — शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याला एकदा बॉदर करून बघा की!

सबब, शिक्षण खात्यास या कीर्तनातून सविनय विनंती, की आमची ती दुपारची सुट्टी, घंटा झालीच नाही असे समजून, पुढील आदेशापर्यंत वाढवून मिळावी.