मोकळ्या कपाळानं

सोलापूर स्टेशनात मुंबईच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर मुंबईच्या चित्रशाळेत शिकणारा एक मुलगा आणि त्याची आई होती. चित्रांचं बाड सोडून बघताच तो ओरडला.

“आई! ह्या लक्ष्मीच्या कपाळावर काय फासलंयस?”

“हळदीकुंकू हाय ते. फासलंय काय म्हणतोस?”

“अगं, तेलाच्या डब्यावर छापायचं चित्र आहे हे! उद्या शेवटच्या परीक्षेला मांडायचंय.”

“मग मांड की.”

“असं? पुसायला गेलो तर खालचा रंगही जाईल.”

“घरातनं सवाशीण निघाली, तिला मोकळ्या कपाळानं कशी लावून द्यायची?”

“आणि ही काडेपेटीवरची पार्वती? हिलासुद्धा?”

“समद्यांस्नी लावलं.”

“संपलं सगळं. हीच चित्रं बघून छापखान्याचे साहेब नोकरी देणार होते. आता कुठल्या तोंडानं जाऊ?”

“लई चुकलं का रं?”

“तुझा हात तरी कसा धजला गं?”

“माझा कसा धजंल? तुजा बा गेल्यापास्नं मी कुंकवाला हात लावलाय व्हय? शेजारच्या बनाबाईला बोलावलं. मी उंबऱ्याभाईर उभी हुते.”