टेकू काढायचा दिवस

—नाही मॅडम, उकळायचं नाही. निवडुंगाचे काटे काढायचे, बारीक चिरायचा, दिवसभर या बादलीत पाण्यात ठेवायचा, मग गाळायचं. हे बघा, बोटाला कशी तार येते. हे पाणी मालात घातलं की काँक्रीट चिवट होतं, भेग म्हणून पडत नाही. तुमच्या प्रयोगशाळेला आत्ता कळलं, आम्हा गवंड्यांना केव्हापासून ठाऊक आहे. बसा ना, त्या फळीवर बसा.

माझा धाकटा भाऊ हसायचा. फळ्या, टेकू, सगळं काम त्याचं. दादा, स्लॅब घालतोयस की भाजी करतोयस, म्हणायचा. जिभेला हाड नव्हतं हो त्याच्या.

तोटा? आहे ना, एकच. घट्ट व्हायला वेळ लागतो. आमच्या लहान स्लॅबचे टेकू सातव्या दिवशी निघतात, याला चौदा तरी हवेत. थांबायचं, दुसरं काय.

तो तुटका स्लॅब ना? हो, तोच. टेकू काढताना अर्धा खाली आला, भाऊ खाली होता. लोक म्हणाले, घाई केली. पोलिसांच्या कागदावरही तेच—घाई. मीही मान हलवली. पण घाई कसली? जन्मभर सातव्या दिवशी काढले, तसेच काढले त्यानं. त्याला काय माहीत मालात काय आहे? तो जेवायला गेला तेव्हा मी या पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या, गुपचूप. म्हटलं, महिन्याभरानं हातोडा देईन हातात, म्हणेन, फोड बघू आता. जिरवायची होती त्याची, एवढंच. टेकू काढायच्या आधी सांगणारच होतो—पण तो स्लॅब घातल्याचा दिवस धरून मोजायचा, आणि मी दुसऱ्या दिवसापासून. माझा सहावाच होता, मॅडम. म्हटलं, उद्या सकाळी सांगू.

उरलेल्या अर्ध्यात खिळा ठोकून बघा, खिळा वाकतो. काय करू त्या मजबुतीचं? माझा भाऊ गेला.

भावजय रोज डबा आणते मला. दादा, त्यांना घाईच नडली, म्हणते. आणि मी जेवतो. रोज जेवतो.

हे लिहिलंत का? नका लिहू. नाही—लिहा, कुणीतरी लिहायलाच हवं—थांबा, ती डबा घेऊन आली बघा. वही मिटा. ही निवडुंगाची बादली उचला आणि मागच्या दारानं जा.