पूल काढून टाकण्यात आला

ताई : मला काय विचारतेस? आप्पा तुझ्याच खोलीत होते ना, नकाशा घेऊन?

धाकटी : होते गं. मी केस धुवायला गेले. येऊन बघते तर खुर्ची रिकामी, दार सताड उघडं.

ताई : चपला?

धाकटी : चपला आहेत. पलंगाखालचे कामावरचे बूट नाहीत.

ताई : ते जुने? अगं, वखार बंद झाल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता!

धाकटी : ताई, माझ्यामुळेच गेलेत ते.

ताई : काय बोललीस तू त्यांना?

धाकटी : रोजचंच. नकाशाचा प्रश्न येतो ना, जागा आधी कशी होती, आता कशी आहे, काय काय बदललं ते लिहायचं. मागच्या खेपेला तिथेच माती खाल्ली मी. सर म्हणाले, ओळखीची जागा घेऊन सराव कर. मग आपलाच भाग घेतला. 'आधी'चा नकाशा आप्पांनी सांगितला. इथे टाकी, इथे कालव्यावरचा लाकडी पूल, पलीकडे वखार.

ताई : आणि 'आता'चा?

धाकटी : तो माझा मी काढला. त्यांना उगाच त्रास नको म्हणून दाखवला नाही.

ताई : शहाणीच आहेस! डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात, त्यांना आज काय आहे ते सांगत राहा. आणि तू आठवडाभर एकच लावलंयस, आप्पा, आधी इथे काय होतं!

धाकटी : उद्या पेपर आहे ताई, परदेशातली नोकरी त्याच्यावर... नको ना ओरडूस.

ताई : बरं, रडू नकोस. बूट घातलेत म्हणजे वखारीकडेच निघालेत. रस्ता सांग.

धाकटी : मोठ्या रस्त्याने वळसा घालून, जिथे आता गाड्या लावतात तिथे...

ताई : 'आता'चं सोड! त्यांच्या नकाशातून सांग. घरातून निघाले. मग?

धाकटी : टाकीवरून डावीकडे. सरळ गल्ली. गल्ली संपली की... ताई.

ताई : काय?

धाकटी : गल्ली संपली की पूल.

ताई : अगं, पण पूल कुठे आहे आता?

धाकटी : तेच म्हणतेय. अंधारून आलंय, आणि तिथे कठडाही नाही. त्यांच्या लेखी पूल आहेच. ते सरळ चालत जातील गं!

ताई : चल. राहू देत ते केस. पळ!

(कालव्याचा काठ.)

ताई : ते बघ, बसलेत. देवा! हाक मारू नकोस, दचकतील. हळूच जा.

धाकटी : आप्पा, मी आहे. हात द्या. इकडे सरका. अजून थोडं. हं, असं.

आप्पा : केस ओले ठेवून काय हिंडतेस? सर्दी होईल.

धाकटी : होऊ दे. इथे कशाला आलात तुम्ही? आमचा जीव टांगणीला लागला होता.

आप्पा : तू पूल टाकीला चिकटून काढलास. चूक आहे ते. उद्या मार्क जायचे तुझे. म्हटलं, एकदा बघून यावं.

ताई : आणि हे बूट?

आप्पा : पुलाच्या फळ्या निसरड्या असतात. बूट नकोत? पण पाय टाकला आणि खाली फळीच नाही. हे झुडूप धरलं म्हणून वाचलो. बघ, बूट ओला झालाय. घाबरलो गं मी. वाटलं, डोकंच गेलं आपलं.

धाकटी : नाही, आप्पा. पूल पाडून कितीतरी वर्षं झाली.

आप्पा : पाडला? मग कुणी बोलायचं नाही का? तू तर दार लावून रोज मोठमोठ्याने काहीतरी घोकत असतेस.

धाकटी : तेच घोकत होते. पूल काढून टाकण्यात आला, वखार पाडण्यात आली.

आप्पा : मग मला कसं नाही कळलं? मी तर दाराशीच बसलेलो असायचो.

धाकटी : इंग्रजीत घोकत होते, आप्पा.