नऊ दिवसांची पट्टी

डॉक्टरबाईंच्या दाराबाहेर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. दीड महिन्याचं बाळ सासूच्या मांडीवर झोपलं होतं.

"टाके दुखतात का गं अजून?"

"नाही आई. आता शिंकायलाही भीती वाटत नाही. बाळंतपणात फाटलेलं लगेच शिवलं की नीट जुळतं, असं बाई म्हणाल्या."

"आमच्या वेळी कसले टाके! सुईणीने दोन्ही गुडघे पट्टीने बांधले. म्हणाली, नऊ दिवस पाय सोडायचे नाहीत, आपोआप सांधेल."

"शेकडो वर्षं तसंच करायचे म्हणे. बाईंनी सांगितलं."

"सांधतं की."

"तुमचं सांधलं?"

"मी सातव्या दिवशीच पट्टी सोडली. पाणी भरायला दुसरं होतं कोण? माझीच चूक."

"आई, त्यात तुमची कसली चूक? ते बांधून सांधण्यातलं नव्हतंच. म्हणून तुम्ही प्रवासाला येत नाही होय? आणि लग्नात कायम दाराजवळची खुर्ची, बाथरूमला पळता यावं म्हणून?"

"हळू बोल. ह्यांना वाटतं, मला गर्दी सोसत नाही."

"किती वर्षं झाली?"

"तुझा नवरा केवढा आहे? तेवढी."

सासूने बाळाचं टोपडं उगाच सारखं केलं.

"काय गं, इतकं जुनं झालेलं शिवतात का?"

"विचारू ना."

"छे! या वयात काय दाखवायचं? लोक हसतील."

नर्सने दार उघडलं. "टाके दाखवायला कोण आलंय?"

"आई, बाळ द्या इकडे. आधी तुम्ही."