वार्दिसने स्वतःच्या गाडीतले काढून दिले

...नाही हो, मेकॅनिक बदलायला माझी काहीच हरकत नव्हती, पण मेकॅनिक आपला सिंतेक्नोस असला तर माणसाने करायचं काय? सिंतेक्नोस म्हणजे ज्याने माझ्या पोरीला, एरोफिलीला, बाप्तिस्म्याच्या वेळी अंगभर तेल चोळलं, नाव दिलं, तो वार्दिस. आम्ही दोघं एकमेकांना हाक मारतो तीच मुळी 'सिंतेक्ने' अशी. आमच्या क्रीटच्या डोंगरात हे नातं सख्ख्या भावाहून घट्ट, भाऊ निदान भांडून वेगळा तरी होतो! आता त्याचं गॅरेज, माझी गाडी. तो माझ्याकडून मजुरी घेणार नाही, आणि मी दुसऱ्याकडे साधा बोल्ट पिळायलाही जायचं नाही, गेलो तर भर चौकात त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं! आणि जो मजुरी घेत नाही त्याला घाई कशी करणार? सिंतेक्नोस तो, त्याला काय बोलणार!

गाडी म्हणजे जुनी जपानी पिकअप, गावात सगळ्यांकडे असते तीच. तुम्हाला सांगतो, पुढचं सस्पेन्शन असं गेलेलं, की स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की गाडी आधी विचार करायची, मग वळायची. सांध्यांतले रबरी बुश फुटलेले, आणि बॉल जॉइंट, ज्या गोळ्यांवर पुढची चाकं वळतात ना, ते इतके ढिले, की खड्डा तर सोडाच, रस्त्यावरच्या सावलीवरून गेली तरी खडाक-खट्ट! मी वार्दिसकडे जायचो. तो ऐकायचा, डोळे मिटून, डॉक्टरसारखा. "सिंतेक्ने, बदलू की! ऑलिव्ह एकदा उतरू दे." ऑलिव्ह उतरले. "ईस्टर होऊ दे." ईस्टर झाला. "मेंढ्यांची लोकर कापून होऊ दे." अरे, मेंढ्यांचा आणि बॉल जॉइंटचा संबंध काय? पण विचारायचं कसं? तो वंगणाचे दोन पंप मारायचा, आम्ही राकी, आमची द्राक्षांची दारू, घ्यायचो, माझी बायको आर्गिरो त्याला चीजच्या करंज्या तळून घालायची, आणि मी खडाक-खट्ट करत घरी. घर त्याच्या गॅरेजसमोरच आहे, तरीही खडाक-खट्ट!

तेवढ्यात एरोफिलीचं लग्न ठरलं. आमच्यात लग्नाआधी मुलीचा रुखवत, हातमागाच्या घोंगड्या, गाद्या, चादरी, सगळं गाडीत रचून वाजतगाजत नवऱ्या मुलाच्या गावी न्यायचं, आणि ते गाव कुठे, तर दरीच्या तळाशी! एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आर्गिरो म्हणाली, "त्या खुळखुळ्यात बसून पोरीच्या गाद्या दरीत नेऊन टाकायच्यात का?" बरं, लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावरच्या मुकुटांची अदलाबदल करणार कोण? वार्दिसच! म्हणजे गाडी नाही केली तर गाद्या दरीत, दुसऱ्याकडे केली तर वार्दिस रुसणार आणि मुकुटांना हात लावायला माणूस नाही. सिंतेक्नोस तो, त्याला काय बोलणार!

मी गावात सांगितलं, दाढ काढायला रेथिम्नोला चाललोय.

शहरातल्या गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर घेतली, दोन्ही हातांनी चाक धरून हलवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, हे चाक अजून तुमच्याचकडे राहिलंय, याचं मला फार कौतुक वाटतं." बॉल जॉइंट, बुश, टाय रॉडची टोकं, सगळं नवं घातलं, अलाइनमेंट करून दिली. परत येताना काय सांगू! गाडी लोण्यावरून घसरावी तशी! इतकी शांतता, की मला माझेच विचार ऐकू यायला लागले, आणि ते काही बरे नव्हते. कारण गावाबाहेरच्या वळणावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला: अख्खं गाव मला आवाजावरून ओळखतं! तो खडखडाट वळणावर आला की आर्गिरो सूप गरम करायला ठेवते, आणि वार्दिस राकीचे पेले पुसतो. मी बिनआवाजाचा गावात शिरलो तर? संपलंच की सगळं!

मग काय, तिथेच उतरलो, ऑइलचा रिकामा डबा घेतला, त्यात खडे भरले, आणि तारेने पुढच्या बाजूला खाली बांधला. गालात कापूस कोंबला, दाढेसाठी. आणि निघालो, खडाक-खट्ट! घरी आर्गिरोने नेमक्या त्याच दिवशी बकऱ्याच्या बरगड्या भाजलेल्या, आणि मी सूप पितोय...

दुसऱ्या दिवशी वार्दिसने गाडी चौकात अडवली. डोळे मिटले. "सिंतेक्ने, काल आवाज डावीकडून येत होता, आज उजवीकडून कसा?" डबा सरकलेला, दुसरं काय! मी म्हटलं, "रस्ताच तसा आहे." तो म्हणाला, "नाही. हे वाढलंय. पोरीचं लग्न आहे. आज सगळं बदलूनच टाकू."

आज! ऑलिव्ह, ईस्टर, मेंढ्या, सगळं उलटून गेल्यावर आज! मी म्हणतोय, "लग्न होऊ दे, काही घाई नाही." आणि आर्गिरो, देवाने दिलेली बायको, मागून ओरडतेय, "घाई कशी नाही? कर रे वार्दिस!"

गाडी जॅकवर चढली. वार्दिस खाली गेला. मी उभ्या उभ्या छातीवर क्रूस काढला. मग खालून एक हात बाहेर आला, हातात डबा. "सिंतेक्ने, हा कुठला पार्ट?"

"तो... वजनाला. समतोल राहतो."

"जपानी लोक काय काय लावतात!" मग खालून आवाज आला, "बॉल जॉइंट पार गेलेत तुझे."

"गेलेत?"

"अरे, झिजून झिजून आरशासारखे चमकायला लागलेत! बुश बघ, कोरे करकरीत दिसतायत, इतके संपलेत. टाय रॉडसुद्धा तसेच. ही गाडी घेऊन तू दरीत उतरणार होतास?"

नवे आहेत म्हणू? कुणी घातले म्हणून सांगू? आर्गिरोने तर हात जोडलेले. वार्दिस बाहेर आला, हात पुसले आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "नवे मागवेपर्यंत लग्न होऊन जाईल. घाबरू नकोस. मी माझ्या गाडीतले काढून देतो. आणि तुझे हे खराब झालेले, असू दे, मी चालवून घेईन कसेबसे."

तुम्हाला सांगतो, लोकांच्या डोळ्यांत पाणी! "याला म्हणतात सिंतेक्नोस!" आर्गिरो स्वयंपाकघरात पळाली करंज्या तळायला. मी त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. घ्यावेच लागले.

रुखवत निघाला तो वार्दिसच्या गाडीतून; आर्गिरोने दोन्ही गाड्यांचा आवाज ऐकला आणि गाद्या सरळ तिकडे चढवल्या. गाद्या, चादरी, शेजारी आर्गिरो आणि एरोफिली, दरीच्या एकेका वळणावर गाडी मांजरासारखी पाय न वाजवता उतरतेय, आणि मागून मी, एकटा, त्याने दिलेल्या जॉइंटांवर, खडाक-खट्ट, खडाक-खट्ट! डब्याची गरज नाही आता, तेवढं बरं झालं. लग्न मात्र झकास झालं, मुकुट काय सुंदर फिरवले त्याने!

जेवणं झाल्यावर वार्दिस माझ्याजवळ येऊन बसला, दोन पेले भरले आणि हळूच म्हणाला, "सिंतेक्ने, तुझे ब्रेकही मला जरा कमी वाटतात. तू असं कर, आधी रेथिम्नोला जाऊन दुसरी दाढ काढून ये. मग आण गाडी, बदलून टाकू."

सिंतेक्नोस तो... सोमवारी निघतोय मी.