सावडीतला बैल

लंपीच्या नव्या औषधाचं मले काय सांगतं बे तू! सोनाळ्यात माह्याजवळ एक बैल, शेजारच्या गौतमजवळ एक. आमची सावड. दोघाईचे बैल एकाच जुवाले, आज माह्यं वावर, उद्या त्याचं.

दोन्ही बैलाईले लंपी झाली, अन् औषध तपासाले साहेब आले. म्हणे, "मालक दोन आहेत ना? मग एका बैलाला औषध टोचू, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं, ते शेवटी सांगू."

म्या म्हटलं, "साहेब, हे जोडी हाये. दोघाईले एकच द्या."

"मग फरक कसा कळणार?"

गौतमचा बैल मेला. खड्डा आमी दोघाईनंच खंदला.

मंग साहेब पुन्हा आले. माह्या बैलाच्या पाठीवर हात फिरवून खुशीत म्हणे, "औषध याला दिलं होतं. बघा, फरक किती स्पष्ट दिसतो!"

म्या जू उचललं, एक बाजू बैलाच्या खांद्यावर ठेवली अन् दुसरी साहेबापुढं धरली.

"दिसला न फरक? मंग या इकडून. हरभरा पेराचा राह्यला हाये."